ग्राइंडर चालू होत नाही: सिरीज बल्ब लावायचा की मीटर?

मी काम शिकलो ते सिरीज बोर्डावर, म्हणजे लाईन आणि मशीन यांच्या मधे एका तारेत बल्ब जोडलेल्या फळीवर, त्यामुळे त्याच्याबद्दल वाकडं बोलायला जीभ वळत नाही. शंभर वॉटचा पिवळा (तारेचा) बल्ब सिरीजमध्ये असला की मशिनीत सरळ शॉर्ट असला तरी फ्यूज उडत नाही. बल्ब पूर्ण पेटतो आणि करंट अर्ध्या अँपिअरच्या आतच राहतो. शिवाय तपासणी खऱ्या २३० व्होल्टवर होते. स्पीड कमी-जास्त होणाऱ्या ड्रिलचा इलेक्ट्रॉनिक स्विच मीटरला (मल्टिमीटरला) बऱ्याचदा तुटलेलाच दिसतो. बल्बवर मात्र ट्रिगर दाबला की उजेड पडतो. कम्युटेटरवर, म्हणजे कार्बन (ब्रश) घासतात त्या तांब्याच्या फिरत्या पट्ट्यांवर, काजळी बसली असेल तर शाफ्ट फिरवला की मीटरचा आकडा नाचत राहतो, तिथेही बल्ब बरा.

तरीही आता माझ्या पेटीत वरती मीटरच असतो. कारण लाईन.

रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात शेडचे अँगल कापायला गेलं की शेतीची लाईन पाळीने मिळते. ग्राइंडर अडतो तो लाईन असताना, पण खोलून कार्बन काढेपर्यंत लाईन गेलेली असते. मग सिरीज बोर्ड म्हणजे नुसती लाकडी फळी. मे महिन्यात पत्र्याखाली अंगाची लाही होते, माणसं हात बांधून बसलेली, आणि दोष कुठे आहे एवढं कळायलाही लाईनचीच वाट बघायची. लाईन आली की आधी तपासा, मग दुरुस्त करा, म्हणजे मिळालेली पाळीही त्यातच संपते. मीटरला त्याची बॅटरी पुरते. लाईन नसतानाच दोष शोधून जोडणी उरकता येते.

माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा वायरमध्येच निघतो, मागच्या रबरी नळीतून ती आत शिरते तिथे. टॉप (प्लग) बोर्डातून काढायचा, मीटर बीपवर (वाट सलग असली की वाजतो त्या खुणेवर) ठेवायचा, एक प्रोब टॉपच्या पिनेला, दुसरा स्विचपाशी त्याच तारेच्या टोकाला. मग रबराजवळ वायर हळूहळू वाकवत जायची. बीप मध्येच तुटली की जागा सापडली. तारेतले दोन-चार धागे उरले असले तरी बीप वाजते, म्हणून वाकवून बघितल्याशिवाय वायर चांगली म्हणू नये. हेच काम सिरीजवर करायचं तर लाईन चालू असलेली वायर बोटांत धरावी लागते. मला ते नको वाटतं.

बल्ब जळाला तर दुकानात एलईडी पुढे करतात. सिरीजला तो कामाचा नाही.

बॉडीला करंट उतरतो का, हे मात्र दोघांवरही सोडू नका. माणसाच्या जिवाला ३० मिलिअँपिअरसुद्धा भारी पडू शकतात, आणि तेवढ्यावर शंभरचा बल्ब पेटत नाही. त्यासाठी मेगरच (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) हवा.

दुकान गावात असेल आणि ड्रिलची कामं जास्त येत असतील तर सिरीज बोर्ड ठेवावा, असं मला वाटतं. शेतावर फिरायचं असेल आणि एकच घ्यायचं असेल तर बीप आणि २०० ओहमची रेंज असलेला मीटर घ्या. इलेक्ट्रॉनिक स्विचची अडचण त्यावरही सुटते: टॉप काढून, स्विचकडून मोटरला जाणाऱ्या दोन तारांवर प्रोब लावा. तिथे थोडे ओहम दाखवले आणि शाफ्ट हाताने फिरवूनही वाट तुटली नाही, तर फील्ड (मोटरची स्थिर गुंडाळी), कार्बन, आर्मेचर (फिरणारी गुंडाळी) सलग आहेत. आता स्विच आणि वायर बघा.