टॅगची जागा हातात आहे, बर्कलीचं अजून कळलेलं नाही: ट्रान्स्फरच्या निकालाआधी करायची तुलना

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या आमच्या घरी फ्रीजवर कालनिर्णय असतं. मुलीच्या ट्रान्स्फरच्या, म्हणजे दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाण्याच्या, वर्षी त्यावर एकादशी-चतुर्थीच्या शेजारी तिच्या हस्ताक्षरात तीन तारखा होत्या: 31 जानेवारीला अपडेट (अर्जातले गुण-विषय ताजे करणं), 30 एप्रिलच्या आत निकाल, 1 जूनला आपला होकार. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला होता. यंदा ओळखीतल्या तीन घरांत तेच चाललंय आणि प्रत्येक फोन एकाच प्रश्नावर येऊन थांबतो, "काकू, डेव्हिसची टॅग (प्रवेशाची हमी) आहे, पण बर्कलीचं आलं तर काय करायचं?"

कम्युनिटी कॉलेजातून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे यूसीत, जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगते. तुलना एप्रिलमध्ये निकाल आल्यावर करायची नाही, वाट पाहण्याच्या या चार-पाच महिन्यांतच करून ठेवायची. निकाल आला की घर नावावर भाळतं, कागद कोणी बघत नाही.

आपल्याकडच्या पालकांचा पहिला घोळ सवयीचा असतो. महाराष्ट्रात सीईटीनंतर कॅप राउंड असतात. पसंतीक्रम भरायचा, गुणवत्ता यादी लागते, एका फेरीत एकच जागा वाट्याला येते, कट-ऑफ सगळ्यांसमोर असतो. इथे यादीच नाही. यूसीच्या नऊ कॅम्पसवर पदवीचं शिक्षण मिळतं. अर्ज एकच भरायचा, पण प्रत्येक कॅम्पस स्वतंत्रपणे वाचतो आणि आपापल्या दिवशी कळवतो. एखाद्या मुलाला पाच ठिकाणहून होकार येतो, एखाद्याला एकाच ठिकाणहून. "नंबर कितवा लागला?" या प्रश्नाला इथे उत्तर नसतं, आणि ते आजी-आजोबांना फोनवर समजावताना नाकी नऊ येतात.

टॅग नेमकं काय देतं

टॅग म्हणजे प्रवेशाची लेखी हमी. ती सहा कॅम्पसवर मिळते: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत. सहापैकी एकाच कॅम्पसची टॅग घेता येते आणि तिचा अर्ज सप्टेंबरमध्येच करावा लागतो. पुढे यूसीचा मूळ अर्जही वेळेत भरायचा असतो. तो राहिला तर टॅगला काही अर्थ उरत नाही.

दोन गोष्टींबद्दल लोकांचा हमखास गैरसमज होतो. पहिली, टॅगने तुम्ही बांधले जात नाही. टॅग डेव्हिसची असली तरी बाकी आठही कॅम्पसना अर्ज करता येतो आणि तिकडचा होकार आला तर तिकडे जाता येतं. म्हणजे अर्जाच्या वेळी "टॅग की बर्कली" असा प्रश्नच नसतो, तो येतो मे महिन्यात. दुसरी, हमी कॅम्पसची असली तरी ती विषयाला लागून येते. सांता बार्बराच्या इंजिनिअरिंग कॉलेजला टॅग लागू नाही. इतर कॅम्पसवरही ज्या विषयांना फार गर्दी आहे ते बऱ्याचदा यादीबाहेर असतात. संगणकशास्त्र हवं असलेल्या मुलाने केवळ टॅग मिळते म्हणून दुसराच विषय लिहिला, तर आत गेल्यावर विषय बदलता येईल असं धरून चालू नये. हे मी फार कळकळीने सांगते, कारण "आधी आत तर जाऊ, मग बघू" हा सल्ला आपल्या मंडळींत सर्रास दिला जातो.

थांबण्याच्या बाजूने काय आहे

बर्कली, यूसीएलए (लॉस एंजेलिसचा कॅम्पस), सॅन डिएगो यांच्यासाठी थांबायला वेगळं काहीच मोजावं लागत नाही, कारण निकाल 30 एप्रिलपर्यंत येतात आणि होकाराची मुदत 1 जून असते. एक महिना हातात असतो. म्हणून टॅग असलेल्या मुलाने मार्चमध्येच घाईने होकार देऊन टाकण्याचं कारण नाही. टॅग नसलेल्यानेही मन खचू देऊ नये, यूसीत ट्रान्स्फरमध्ये कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांच्या मुलांना प्राधान्य असतं.

फरक पडतो तो होकार आल्यानंतर. बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवर (मोठी सत्रं) चालतात, बाकीचे सात कॅम्पस क्वार्टरवर (छोटी सत्रं). बर्कलीचे वर्ग ऑगस्टअखेर सुरू होतात, डेव्हिसचे सप्टेंबरअखेर. डी अँझा किंवा फूटहिलसारख्या क्वार्टरच्या कॉलेजात मूल असेल तर त्याची शेवटची परीक्षा जूनअखेर संपते, मग बर्कलीसाठी राहण्याची जागा, गुणपत्रक आणि ओरिएंटेशन हे सगळं दीड-दोन महिन्यांत उरकावं लागतं.

पण माझ्या लेखी सगळ्यांत मोठा मुद्दा कोणते विषय कुठे मोजले जातात हा आहे. असिस्ट या संकेतस्थळावर आपलं कॉलेज, हवा तो कॅम्पस आणि विषय निवडला की डावीकडे विद्यापीठाला काय हवं आणि उजवीकडे आपल्या कॉलेजातलं काय चालतं ते दिसतं. आम्ही फेब्रुवारीतल्या एका रविवारी जेवणाच्या टेबलावर डेव्हिस आणि बर्कली या दोघांचे कागद छापून शेजारी ठेवले. मुलगी पेन्सिलीने एकेक ओळ खोडत गेली. डेव्हिसच्या कागदावर सगळ्या ओळी खोडल्या गेल्या. बर्कलीच्या कागदावर एक ओळ उरली, कारण कौन्सेलरने आधीच्या वर्षी चुकीचा विषय सुचवला होता आणि आम्ही तो तपासला नव्हता. त्या एका ओळीमागे आणखी एक सत्र जाण्याची शक्यता होती. निकाल यायला दोन महिने बाकी असताना हे कळलं म्हणून शांतपणे बोलता आलं.

पैसा आणि व्हिसा

हा भाग आपल्या घरांत उघड बोलला जात नाही, पण निर्णय अनेकदा इथेच होतो.

कॅलिफोर्नियाचे रहिवासी म्हणून धरले गेलात तर यूसीची फी सगळ्या कॅम्पसवर जवळपास सारखी असते, खरा फरक राहण्याच्या खर्चाचा. फ्रीमाँटहून बार्ट या लोकल रेल्वेची ऑरेंज लाइन न बदलता डाउनटाउन बर्कलीला जाते, त्यामुळे घरी राहून बर्कली करणं शक्य आहे. डेव्हिसला कॅपिटल कॉरिडॉरची गाडी जाते, पण रोजची ये-जा जमणारी नाही, तिथे भाड्याने राहावंच लागतं. सांता क्रूझला जागा मिळणं फार अवघड. यूसीएलए ट्रान्स्फरच्या मुलांना दोन वर्षं निवासाची हमी देतं, ही जमेची बाजू कोणी मोजत नाही.

रहिवासी नसाल तर गणितच बदलतं. यूसी बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून फीवर जी जादा रक्कम घेते ती वर्षाला तीस हजार डॉलरच्या वर जाते. थेट भारतातून एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर कम्युनिटी कॉलेजात आलेल्या मुलांना ती भरावीच लागते. एच-4 वरच्या (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या) मुलांचं वेगळं आहे. ती रहिवासी म्हणून धरली जाऊ शकतात, पण 21 व्या वर्षी एच-4 संपतं आणि बरीच मुलं एफ-1 वर जातात. तिथे रहिवासी दर्जाचा प्रश्न नव्याने उभा राहतो. म्हणून ज्यांचं मूल 20 च्या आसपास आहे त्यांनी "यंदा हवं ते नाही मिळालं तर एक वर्ष थांबू" हा विचार करण्याआधी कॅम्पसच्या रेसिडेन्सी विभागाला लेखी विचारावं. अशा घराला मी स्पष्ट सांगेन: टॅगची जागा घ्या.

सॅन होजे स्टेटला कमी लेखू नका

कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे सीएसयू, ही वेगळी यंत्रणा आहे, सॅन होजे स्टेट तिचाच एक कॅम्पस, आणि तिची फी यूसीच्या जवळपास निम्मी आहे. 2010 च्या कायद्याने आलेली ट्रान्स्फरसाठीची असोसिएट पदवी घेतली तर सीएसयूत कुठेतरी जागा मिळण्याची हमी असते. ती यंत्रणेची हमी आहे, ठरावीक कॅम्पसची नाही, त्यामुळे सॅन होजेच्या संगणकशास्त्राला स्पर्धा असतेच. नोकरी इथेच सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडी परिसरात करायची असेल, घरी राहायचं असेल आणि कर्ज नको असेल, तर हा पर्याय बर्कलीच्या शेजारी ठेवून बघावा असाच आहे. एकच सावधगिरी: सीएसयूच्या कॅम्पसची होकाराची तारीख यूसीच्या आधी येऊ शकते. पोर्टल उघडून ती आजच कॅलेंडरवर लिहा.

प्रतीक्षा यादीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आलीच तर नाव ठेवा, पण 1 जूनला दुसरीकडचा होकार देऊनच ठेवा. पुढे यादीतून बोलावणं आलं तर तिकडे जाता येतं, पहिल्या ठिकाणची अनामत तेवढी जाते. यूएससीसारख्या खासगी विद्यापीठाचा निकाल मेअखेर येतो आणि काही मुलांकडून वसंत सत्राचे गुण मागितले जातात, मग उत्तर त्याहून पुढे जातं. तिथेही हाच नियम.

आमच्याकडे काय झालं

बर्कलीचा होकार एप्रिलमध्ये संध्याकाळी आला. भावाने पेढे काढले, निफाडहून आजोबांचा व्हिडिओ कॉल आला, आणि दोन दिवस घरात कोणी डेव्हिसचं नावही काढलं नाही. तिसऱ्या दिवशी मुलीनेच ते दोन कागद पुन्हा टेबलावर ठेवले. तिला वनस्पतीशास्त्र करायचं होतं. लहानपणी प्रत्येक सुट्टीत आजोबांच्या द्राक्षबागेत छाटणीच्या वेळी मागे मागे फिरलेली पोर ती. डेव्हिसचा द्राक्षशेतीचा विभाग जगात नावाजलेला आहे, तिचे विषय तिथे पूर्ण मोजले जात होते, दोन वर्षांत पदवी होणार होती. तिने 12 मे रोजी डेव्हिसला होकार दिला. माझ्या मनात बर्कली होतं, हे खरं. पण कागद वाचून झाल्यावर माझ्याकडे "नाव मोठं आहे" याखेरीज दुसरं कारण उरलं नव्हतं.

तिचा विषय संख्याशास्त्र असता, किंवा असिस्टच्या कागदावर ती ओळ उरली नसती, तर मी बर्कलीसाठी हट्ट धरला असता. घरून ये-जा, वाचलेलं भाडं, तिथली प्राध्यापक मंडळी, सगळं त्या बाजूने गेलं असतं.

होकारानंतरही प्रवेश सशर्तच असतो. जानेवारीच्या अपडेटमध्ये लिहिलेला एखादा विषय वसंत सत्रात सोडला आणि कॅम्पसला कळवलं नाही, किंवा एखाद्या विषयात डी आला, तर दिलेला प्रवेश रद्द होऊ शकतो. एफ-1 वरच्या मुलांनी होकार देताच आपल्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन सेव्हिस या सरकारी यंत्रणेतली आपली नोंद नव्या कॅम्पसकडे सोडण्याची तारीख ठरवून घ्यावी, त्याशिवाय व्हिसासाठी लागणारा आय-20 हा कागद नव्याने निघत नाही. आणि जूनमध्ये शेवटचे गुण लागले की अंतिम गुणपत्रक कॉलेजकडून थेट कॅम्पसला पाठवायची मागणी त्याच आठवड्यात नोंदवा. आमच्या कालनिर्णयाच्या जुलैच्या पानावर ती एकच तारीख लाल शाईत होती.