फौजदारी न्यायाचं सहा महिन्यांचं सर्टिफिकेट की तीन वर्षांचं एलएलबी?

वकिली करायची असेल तर प्रश्नच मिटला. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, एलएलबीशिवाय मिळत नाही. फौजदारी न्यायाचं सर्टिफिकेट कितीही नामांकित कॉलेजचं असो, कोर्टात उभं राहायला ते कामाचं नाही. पोलीस शिपाई भरतीतही अट बारावी पासची असते, आणि मैदानी चाचणी कुणालाच चुकत नाही.

पण सामाजिक संस्थेत, पत्रकारितेत किंवा बँकेच्या फ्रॉड विभागात काम करणाऱ्यांना मी सर्टिफिकेटच सुचवेन. एफआयआर, अटक, रिमांड, जामीन, आरोपपत्र हा क्रम एकदा पक्का झाला की रोजच्या कामात फार फरक पडतो. त्यासाठी पदवीनंतर आणखी तीन वर्षं घालवायची गरज नाही.

मात्र फी भरण्याआधी नोट्स मागून बघाच. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या (आयपीसी) जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ आता १०३ झालंय, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं (सीआरपीसी) एफआयआरचं १५४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १७३ आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूदही आली आहे. नोट्समध्ये अजून ३०२च शिकवत असतील, तर तिथे प्रवेश घेऊ नका.