२० इंची घडीची सायकल: नऊ महिने रोज वापरल्यानंतर

घडी किती वेळात होते, हा प्रश्न सगळे विचारतात. हात बसला की अर्ध्या मिनिटाच्या आत होते, त्यात तक्रारीला जागा नाही. घ्यायच्या आधी बघायला हवी ती मधली बिजागरी आणि सीटचा दांडा.

बिजागरीचा खटका बंद करताना विरोध साधारण अर्ध्या वाटेवर सुरू झाला पाहिजे. अगदी शेवटी जाणवत असेल तर पकड सैल आहे. ॲलन कीने (षट्कोनी चावीने) बोल्ट पाव फेरा आवळून पुन्हा बघा. जोर लावून बंद करावा लागत असेल तर तितकाच सैल करा, कारण अति आवळण्याने खटक्यावर आणि बिजागरीवर फुकटचा ताण येतो. चढावर उभं राहून पेडल मारताना कटकट आवाज आला तर बहुतेक वेळा दोन पृष्ठभागांमध्ये बारीक वाळू शिरलेली असते. कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा थेंब फक्त बिजागरीच्या पिनेला. त्याच वेळी वेल्डिंगच्या कडेने बोट फिरवून बघा. केसाएवढी चीर दिसली तरी ती सायकल चालवायची नाही.

सीटचा दांडा हळूहळू खाली सरकतो, आणि हा मला यातला सर्वांत मोठा दोष वाटतो. साध्या सायकलीत सीट एकदा बसवली की महिनोन्महिने हलवावी लागत नाही. इथे ती रोज वर-खाली होते आणि दांडा भरपूर लांब असल्याने तो आवळून धरणाऱ्या क्लॅम्पवर तरफेसारखा जोर येतो. दांड्यावर ग्रीस किंवा चेनच्या तेलाचा हात लागला की घसरणं ठरलेलं. दांडा आणि नळीची आतली बाजू स्पिरिटने पुसल्यावर फरक लगेच कळतो. उंचीच्या खुणा बनवणाऱ्यांनी छापायलाच हव्या होत्या. त्या नसतील तर इलेक्ट्रिकल टेपची पट्टी लावा, पण दांड्यावरची किमान खोलीची रेघ नळीच्या बाहेर दिसू देऊ नका.

टायरचा घोळ तर पूर्णपणे टाळता येण्यासारखा आहे. ‘२० इंच’ या एकाच नावाने ४०६ आणि ४५१ मिमी (टायर बसतो तिथला व्यास) अशा दोन रिम विकल्या जातात, आणि एकीचा टायर दुसरीवर बसत नाही. जुन्या टायरच्या कडेवर ४७-४०६ (रुंदी आणि व्यास, मिमीमध्ये) असा आकडा कोरलेला असतो, तोच दाखवून नवा मागा. या मापाच्या चाकाचा एक फेरा सुमारे १.५७ मीटर, मोठ्या ७०० सी चाकाचा २.१ ते २.२. त्यामुळे तेवढ्याच अंतराला चाक सुमारे १.३ ते १.४ पट फिरतं आणि टायर लवकर झिजतो. लहान चाक खड्ड्यातही जास्त खोल उतरतं. मागच्या चाकावर वजन अधिक, म्हणून हवाही मागे थोडी जास्त ठेवावी.

डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, जमिनीच्या फार जवळ लोंबतो, चिखल थेट चेनवर येतो. एका पिनेपासून पुढच्या २४व्या पिनेपर्यंतचं अंतर नव्या चेनमध्ये ३०४.८ मिमी असतं. ३०७ झालं की चेन बदला, नाहीतर मागची दातेरी चाकंही खराब होतात.

घडी धरून ठेवणारं चुंबक कमकुवत आहे. जिन्यात सायकल उचलली की दोन्ही चाकं फाकतात आणि पेडल नडगीवर आपटतं. दोन्ही रिममधून वेल्क्रोचा पट्टा ओवला की हा त्रास थांबतो.