युव्ही की गॅमा? मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिससाठी काय निवडावं

फोंड्याकडच्या एखाद्या कुळागरातली (सुपारी-नारळाच्या बागेतली) माती आणली, त्यातून प्रतिजैविक बनवणारा स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूचा बरा स्ट्रेन (वाण) हाती लागला, की एमएस्सीच्या मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: डीएनएत बदल घडवून उत्पादन वाढवायला बीजाणूंवर युव्ही (अतिनील किरण) सोडायचं की गॅमा किरण? माझं मत आधीच सांगते. हाताशी एकच वर्ष असेल, तर युव्ही.

युव्हीचा दिवा बहुतेक कॉलेजांत लॅमिनारमध्येच (निर्जंतुक हवेच्या कपाटात) बसवलेला असतो. त्याचे २५४ नॅनोमीटरचे किरण डीएनए चांगले शोषतो, त्यातले शेजारशेजारचे थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात आणि ते दुरुस्त करताना पेशीकडून चुका होतात. त्या चुकांतच आपल्याला हवा तो बदल सापडू शकतो. मोठी सोय म्हणजे ३०, ६०, ९० सेकंद असे डोस एकाच दुपारी देऊन किती बीजाणू जगतात याचा आलेख काढता येतो. चुकलं तर उद्या पुन्हा.

पण हे किरण खोल जात नाहीत. काचेचं झाकण काढावंच लागतं, द्रावणाचा थर पातळ ठेवावा लागतो आणि बीजाणूंच्या गुठळ्या कापसातून गाळून घ्याव्या लागतात. नाहीतर पुढच्या बीजाणूच्या आडोशाला मागचा वाचतो. दुसरी अडचण उजेडाची. आल्बर्ट केल्नर यांनी १९४९ साली स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसवरच दाखवून दिलं की युव्हीने मरणपंथाला लागलेले बीजाणू साध्या उजेडात पुन्हा सावरतात. म्हणून किरण दिल्यानंतरचं काम मंद लाल उजेडात करा आणि प्लेटी लगेच फॉइलमध्ये गुंडाळा. ट्यूबलाइटखाली लेबलं लिहीत बसलेल्या मुलांचे आकडे दर खेपेला वेगळे आलेले मी पाहिले आहेत. स्वतःचे डोळे आणि कातडीही सांभाळा.

गॅमाला हा उजेडाचा त्रास नाही. कोबाल्ट-६० चे किरण बंद नळीतून आरपार जातात, डीएनएचे दोन्ही धागे तोडतात, कधी जनुकाचा तुकडाच गळतो. नळी किरणोत्सारी होत नाही, त्यामुळे घरच्यांनी घाबरायचं कारण नाही. मात्र त्यासाठी गॅमा चेंबर असलेली संस्था गाठायची, मार्गदर्शकांचं पत्र द्यायचं, पाळी लागेपर्यंत थांबायचं. मुंबईला जायचं ठरलं तर बर्फातली नळी घेऊन कोकण रेल्वेची रात्र काढायची. डोस चुकला की तीच फेरी पुन्हा. शिवाय ग्लिसरॉल असेल किंवा नमुना गोठलेला असेल तर बीजाणूंना संरक्षण मिळतं. पुस्तकातला डोस तुमच्या नळीला लागू पडेलच असं नाही.

रसायनांचा, म्हणजे डीएनए बदलणाऱ्या एनटीजीचा (नायट्रोसोग्वानिडीनचा) मार्ग मी मुलांना सुचवत नाही. ते कर्करोगकारक आहे.

दोन्ही किरणांत वैर मात्र नाही. पेनिसिलिनच्या बुरशीत (ती जिवाणू नव्हे, पण धडा तोच) आधी क्ष-किरणांनी एक्स-१६१२ हा जास्त पेनिसिलिन देणारा स्ट्रेन मिळाला आणि त्याच्यावर युव्ही देऊन क्यू-१७६. युव्हीच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर वाढ थांबली असेल आणि पीएचडीइतका वेळ असेल, तर गॅमाचा प्रवास सार्थकी लागेल.

खरा वेळ किरणांत जातच नाही, निवडीत जातो. जगलेल्या शेकडो वसाहतींमधून एकेक अगरची चकती कापून बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूच्या प्लेटीवर ठेवायची आणि झोन, म्हणजे चकतीभोवती त्याची वाढ थांबलेलं वर्तुळ, मोजायचा. स्ट्रेप्टोमायसिसचं गुणसूत्र सरळ रेषेत असतं, त्याची टोकं सहज गळतात, म्हणून आज मोठा झोन देणारी वसाहत चार-पाच पिढ्यांनी मूळपदावर येऊ शकते. तेवढ्या पिढ्या तपासल्याशिवाय तिला 'सुधारित' म्हणू नका. एका आठवड्यात आपण किती चकत्या लावू शकू, ते आधी मोजा आणि जगलेल्यांतल्या तेवढ्याच वसाहती तपासायला घ्या. काम दिवाळीनंतर सुरू करा. पावसाळ्यात आपल्याकडे प्लेटींवर बुरशी चढते आणि वीजही जाते. मूळ स्ट्रेनचे बीजाणू २० टक्के ग्लिसरॉलमध्ये दोन वेगवेगळ्या फ्रीजरांत ठेवा.