ओव्हरहेड स्कॅनर नऊ महिने वापरल्यावर: विद्यार्थी, जुनी मासिके आणि हरवलेले अनुस्वार

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ओव्हरहेड स्कॅनर आला. मी तिथे सहायक ग्रंथपाल आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी मासिकांचे बांधीव खंड माझ्याच विभागात आहेत. मार्चअखेर नऊ महिने झाले. एवढ्या काळात ३१ खंडांची मिळून सुमारे साडेनऊ हजार पाने आम्ही उतरवली. काम केले ते ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या सहा विद्यार्थ्यांनी, तास सुटले की रोज दोन तास बसून. खरेदीआधी मला कुणीतरी सांगायला हवे होते अशा गोष्टी इथे लिहिते आहे. यंत्राचे नाव देत नाही, कारण यातले बरेचसे या जातीच्या कुठल्याही यंत्राला लागू पडेल.

आधी चांगले सांगते. खंड उताणा ठेवायचा, वरून कॅमेरा फोटो घेतो, पायाजवळ पेडल असल्याने दोन्ही हात पानासाठी मोकळे राहतात. पूर्वी काचेच्या स्कॅनरवर खंड पालथा घालून वरून दाबावा लागे आणि दर वेळी शिवणीचा कुरकुर आवाज येई. तो आवाज बंद झाला, एवढ्यासाठीही मी हे यंत्र पुन्हा घेईन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून छपाईला लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास येऊ लागला. त्यात आम्ल असते. आज त्या कागदाचा कोपरा दुमडला की तुटून हातात येतो. अशा पानाला दाब सोसत नाही. मुलांनी व्हिडिओत पाहिले होते म्हणून पहिल्या दिवशी ती पांढरे सुती हातमोजे घेऊन आली होती. ते बाजूला ठेवायला लावले. मोज्यातून पानाची कड बोटाला कळत नाही आणि ठिसूळ पान फाटते. हात धुऊन, नीट कोरडे करून पान उलटावे हेच बरे.

आता यंत्राच्या आकड्यांविषयी. खोक्यावर ४०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ४०० पिक्सेल, असे छापलेले होते. कॅमेऱ्याचे एकूण पिक्सेल ठरलेले असतात, त्यामुळे ते किती मोठ्या चौकटीवर पसरतात यावर खरा डीपीआय ठरतो. लहान चौकटीला जास्त मिळतो, मोठीला कमी. हे आम्हाला पट्टीने कळले. पानाशेजारी साधी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यायचा आणि एका इंचात किती पिक्सेल भरतात ते स्क्रीनवर मोजायचे. लहान चौकट निवडली तेव्हा आकडा खरा निघाला. ए-३च्या पूर्ण चौकटीत मात्र तो ३००च्याही खाली आला आणि फाइलमध्ये नोंद ४००चीच राहिली. हा प्रयोग मुलांनी स्वतः केला. फाइल स्वतःविषयी जे सांगते ते तपासता येते, ही गोष्ट त्यांना त्या दिवशी प्रथमच जाणवली असे मला दिसले. बाजूचे दिवे चांगले आहेत, फक्त आर्ट पेपरवरच्या चित्रांवर चमक येते. खोलीतली ट्यूब बंद केली की ती बरीच कमी होते. पानाचा बाक सपाट करणारी सोय ठीकठाक आहे. आमचे अनेक खंड कधीतरी बाजूने शिलाई मारून पुन्हा बांधलेले आहेत, त्यामुळे आतला समास शिवणीत गेला आहे. अशा पानांवर ही सोय शिरोरेषेला लाटा आणते.

या परीक्षणाचे खरे कारण पुढे आहे. यंत्राबरोबरच्या सॉफ्टवेअरमध्ये ठिपके काढण्याची सोय आहे आणि सॉफ्टवेअर बसवले की ती आपोआप चालू असते. तांबूस डाग, कसरीने पाडलेली भोके, शाईचे शिंतोडे जाऊन पान स्वच्छ दिसावे हा तिचा हेतू. पहिले दोन महिने आम्ही तिला हात लावला नाही. पाने इतकी देखणी दिसत होती की विभागप्रमुखांना दाखवायला मीच ती उघडत असे.

ऑगस्टमध्ये एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी एका जुन्या कथेतली क्रियापदे टिपून घेत होती. स्क्रीनवर तिने ‘केले’ वाचले. शेजारी खंड उघडा होता, त्यात ‘केलें’ होते. आपलेच वाचण्यात चुकले असे तिला वाटले. मग आम्ही दोघींनी बोट फिरवत पूर्ण पान ताडून पाहिले. त्या एका पानावर एकोणीस अनुस्वार नाहीसे झालेले होते. पुढच्या पानावर बारा. मोठ्या टायपातल्या मथळ्यांचे शाबूत होते, बारीक टायपातले गेले होते. बारीक टायपातला अनुस्वार अर्धा मिलिमीटरही भरत नाही. ३०० डीपीआयला तो पाच-सहा पिक्सेलांचा ठिपका होतो. शाईचा शिंतोडाही तेवढाच असू शकतो. सॉफ्टवेअरला दोन्ही सारखेच.

एखादा ठिपका गेला तर काय बिघडते, असे मला तेव्हाही विचारले गेले. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातून काढून टाकले. त्याआधीच्या छपाईत ते जागोजागी आहेत आणि प्रत्येकाला काहीतरी सांगायचे आहे. ‘काम केलें’ यातला अनुस्वार नपुंसकलिंगी एकवचन दाखवतो, ‘प्रयत्न केले’ हे पुल्लिंगी अनेकवचन आहे म्हणून तिथे अनुस्वार नाही. ‘घरीं’वरचा अनुस्वार सप्तमीची खूण आहे. कोकणातल्या काही बोलींत हे नाकातले उच्चार आजही ऐकू येतात. भाषेचा इतिहास शोधणाऱ्याला हे ठिपके म्हणजे पुरावा आहे, आणि जतनाच्या नावाखाली आम्ही तो पुरावा खोडत होतो. पुढे कागद राहिला नसता तर आमची प्रत हीच खरी मानली गेली असती. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मनापासून सांगते.

सोय बंद केली. तेव्हापासून पान कॅमेऱ्यातून येते तसे, रंगीत, डागांसकट, टिफ या काहीही न गाळणाऱ्या फाइल-प्रकारात ठेवतो. वाचकांना द्यायची हलकी पीडीएफ त्यावरून वेगळी करतो आणि काय सुधारायचे ते त्या प्रतीतच. याला जागा खूप लागते. साडेपाच बाय साडेआठ इंचांचे एक पान ४०० डीपीआयला रंगीत घेतले तर साधारण २२ एमबीचे होते, म्हणजे अडीचशे पानांचा खंड साडेपाच जीबीच्या घरात जातो. खरेदीच्या प्रस्तावात डिस्कचा खर्च धरलाच नव्हता. तुम्ही धरा.

यंत्राकडून हे थांबले आणि मग माणसांकडून सुरू झाले. स्वामित्वहक्क संपलेली तीन पुस्तके आम्ही मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या धर्तीवरच्या खुल्या ग्रंथालयात, मुद्रितशोधनाला घेतली. तिथे प्रत्येक पान आधी लाल (न तपासलेले), मग पिवळे (एकदा तपासलेले) आणि शेवटी हिरवे (दुसऱ्यांदा तपासलेले) होते. पिवळे केलेले पान हिरवे करायला दुसरीच व्यक्ती लागते. ही पद्धत मुलांना फार आवडली, कारण दोघांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय पान पुरे होत नाही. पण पहिल्या आठवड्यात पिवळी झालेली पाने मी उघडली तर ‘नाहीं’चे ‘नाही’ आणि ‘कां’चे ‘का’ झालेले. कुणी आळस केला नव्हता, उलट फार मन लावून शुद्धलेखन सुधारले होते. एकाने विचारले, “मॅडम, इतक्या चुका असताना हे पुस्तक छापलं कसं?” प्रश्न अगदी खरा होता. शाळेपासून त्याने जे शिकले त्या नियमांनी त्या चुकाच होत्या. फोनवर टाइप करणाऱ्यांचा कीबोर्डही परस्पर ‘नाहीं’ बदलून टाकत होता. तेव्हा एक पूर्ण दुपार आम्ही १९६२चे नियम आणि जुने पान शेजारी ठेवून बसलो. त्यानंतर अनुस्वाराची चूक क्वचितच दिसली.

ओसीआरविषयी, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी थोडेसे. टेसेरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी वाचते. २०१८च्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात न्यूरल नेटवर्कची पद्धत आली. स्वच्छ छपाईच्या पानावर टंकलेखनाचे निम्म्याहून अधिक श्रम त्याने वाचवले. झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत कुठल्याही ओसीआरकडून होते, ती डोळ्यांनीच काढावी लागते. एक गोष्ट मात्र डोळ्यांनाही दिसत नाही. ‘सुऱ्या’मधला र दोन तऱ्हांनी टाइप होतो. इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत शिफ्ट धरून र दाबला की नुक्तावाला (खाली ठिपका असलेला) ऱ येतो आणि त्यावरून तो जोडला जातो. काहीजण साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधले की दुसरे सापडेलच असे नाही. आमच्या सहा जणांत तीन जण एका तऱ्हेने आणि तीन जण दुसऱ्या तऱ्हेने लिहीत होते. पहिल्याच दिवशी एक पद्धत ठरवून घ्या.

फाइलींचे सांगायलाच हवे. ही मुले फोनवर माझ्यापेक्षा कितीतरी चपळ आहेत. पैसे पाठवणे, फॉर्म भरणे, व्हिडिओ जोडणे यात त्यांना अडचण नाही. पण फाइल कुठे ठेवली असे विचारले की उत्तर येई, “मॅडम, गॅलरीत आहे.” फोल्डरात फोल्डर असतो, हे फोनने त्यांना कधी दाखवलेलेच नाही. एकाने मेसेजिंग अॅपवरून पाने स्वतःलाच पाठवून घरी काम करून आणले. परत आलेली प्रत आकसून दोनशे केबीची झाली होती आणि तीच मूळ फाइलींवर चढवली गेली. दुसरी प्रत होती म्हणून निभावले. एका मुलीने जेपीईजीच्या नावाचे शेपूट बदलून टिफ केले आणि रूपांतर झाले असे समजली. पानांची नावे १, २, ३ अशी दिली की संगणकावरचे काही प्रोग्राम १ नंतर १० आणि मग १०० लावतात, हेही तेव्हाच कळले. आता ०००१पासून सुरुवात होते. यात त्यांचा दोष मी मानत नाही. त्यांना डिजिटल पिढी म्हणून आपण गृहीत धरले आणि बसून कुणी शिकवले नाही. मीही जूनमध्ये त्यांना फक्त पेडल कसे दाबायचे ते शिकवले होते.

नोव्हेंबरपासून प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ बेरीज काढून वहीत आणि संगणकात ठेवतो. ही फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली चौसष्ट अक्षरांची ओळ असते. फाइलमधला एक बिट बदलला तरी ती पूर्ण वेगळी येते. मुलांनी तिला ‘अंगठा’ नाव दिले आणि तेच रूढ झाले. “अंगठे जुळले का?” असे ती एकमेकांना विचारतात. जानेवारीत बाहेरच्या डिस्कवरच्या अकरा फाइलींचे अंगठे जुळले नाहीत. उघडल्या तर त्यांतल्या तीन पानांचा खालचा भाग राखाडी झालेला होता. दुसऱ्या डिस्कवरची प्रत धड होती, ती आणून ठेवली. अंगठे नसते तर बिघडलेल्या फाइलींचीच पुढची प्रत निघाली असती.

हक्कांबाबत मुलांचा समज ‘जुने म्हणजे मोफत’ असा होता. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर पुढची साठ वर्षे, कॅलेंडर वर्ष धरून, हक्क टिकतो. म्हणजे १९२० साली छापलेल्या पुस्तकाचा लेखक १९७० साली गेला असेल तर ते २०३०अखेर संरक्षित आहे. अनुवाद असेल तर अनुवादकाचेही पाहायचे. मासिकात एकेका अंकात दहा-दहा लेखक, त्यामुळे आम्ही मासिके सरसकट खुली केलेली नाहीत. २०१२च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२मध्ये सोय झाली आहे. बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल तर जतनासाठी ते डिजिटल स्वरूपात साठवता येते. साठवणे वेगळे आणि जगाला उघडे करणे वेगळे. हे मुलांना पटले तेव्हा त्यांनी लेखकांची निधनवर्षे शोधून एक तक्ता केला. आमच्या विभागात गेल्या कित्येक वर्षांत झालेले हे सर्वांत उपयोगी काम आहे असे मला वाटते.

यंत्र घ्यावे का? बांधीव जुने खंड असतील आणि रोज बसणारी माणसे असतील तर जरूर घ्या. सुटे कागद किंवा प्रबंध असतील तर साधा स्कॅनर पुरतो. बसवायला आलेल्या माणसाकडून ठिपके काढणे, रंग उजळणे, कडा आपोआप कापणे या सगळ्या सोयी तुमच्यासमोर बंद करून घ्या. मग अनुस्वारांनी भरलेले एक बारीक टायपाचे पान घेऊन मूळ पानाशी ओळ न् ओळ ताडा. आम्हाला या कामाला दोन महिने उशीर झाला.

त्या दोन महिन्यांतली पाने पुन्हा घेणे चालू आहे. ठिसूळ पान दुसऱ्यांदा उलटायचे म्हणजे जोखीम असते. सहा पानांचे कोपरे या फेरीत तुटले. ते पाकिटात घालून, पानाचा क्रमांक लिहून ठेवले आहेत. एका खंडातली तेवीस पाने मात्र उलटण्याच्या स्थितीत नाहीत. त्यांना आधी जपानी टिशू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, लावून घ्यायचा आहे. आमचे दप्तरी म्हणाले, पावसाळ्याच्या दमट हवेत खळ वाळत नाही, बुरशी धरते. म्हणून तो खंड दिवाळीनंतरसाठी कापडात बांधून ठेवला आहे, आणि बाहेर चिठ्ठी लावली आहे: ‘पाने ४१ ते ६३, डिजिटल प्रतीत अनुस्वार नाहीत, मूळ पाहावे.’