पिक्चर यायच्या आधी सुपरगर्लचं हे कॉमिक वाचाच
'सुपरगर्ल: वुमन ऑफ टुमॉरो' दोनदा वाचून झालं, दुसऱ्यांदा तर जास्तच आवडलं. टॉम किंगची 8 अंकांची गोष्ट, पण खरी जादू बिल्किस एव्हलीच्या चित्रांत आहे, एकेका पानावर नुसतं बघत बसावं असं काम. काराने, म्हणजे सुपरगर्लने, आपली माणसं डोळ्यादेखत मरताना पाहिलीयेत, क्लार्क, म्हणजे सुपरमॅन, तान्हं बाळ असतानाच तिथून निघाला होता, म्हणून तिचा राग वेगळाच आहे आणि मला ती सुपरमॅनपेक्षा जवळची वाटते. गोष्ट सांगणाऱ्या रूथी या मुलीची भाषा जरा जड आहे, पहिला अंक चिकाटीने काढा. काराच्या कुत्र्याला, क्रिप्टोला, बाण लागतो तिथे पोटात कालवलं हो. जून 2026 च्या पिक्चरमध्ये सुपरगर्ल म्हणून मिली अल्कॉक शोभेल, पण कॉमिकमध्ये नसलेला लोबो (परग्रहावरचा सुपारी घेणारा गडी) कशाला घुसवला, त्याने रूथीची जागा खाल्ली नाही म्हणजे मिळवली.