उपायाचा रकाना कुलूपबंद ठेवणारे रिस्क रजिस्टर : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

माहिती तंत्रज्ञानातील जोखमींची नोंद ठेवणारी ही ऑनलाइन सेवा आमच्या विभागाने चौदा महिने वापरली. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही येणार आहेत आणि त्यांपैकी काही या प्रकारच्या इतर सेवांनाही लागू पडाव्यात. त्यापूर्वी आमचे रिस्क रजिस्टर म्हणजे एक स्प्रेडशीट होती. तिच्यातील ‘जोखमीचे वर्णन’ या रकान्यात ‘नवीन फायरवॉल घेणे’, ‘बॅकअपचे सॉफ्टवेअर बदलणे’ अशा नोंदी होत्या. जोखीम काय आहे हे कोणी लिहिलेच नव्हते. मनात आधीच ठरलेला उपाय तेवढा तिच्या जागी जाऊन बसला होता.

या सेवेने नेमकी हीच खोड मोडली. नवी जोखीम टाकायला घेतली की उपाययोजनेचा भाग करड्या रंगात दिसतो, पण उघडत नाही. धोका कोठून संभवतो, तो कोणत्या कच्च्या जागेतून आत येईल, कोणत्या यंत्रणेला किंवा माहितीला बाधा होईल आणि त्यामुळे कोणते काम अडेल, हे आधी लिहावे लागते. त्यानंतर सध्याची नियंत्रणे कोणती व ती शेवटची कधी तपासली, मग शक्यता आणि परिणाम यांचे मूल्यमापन, आणि सर्वांत शेवटी ज्याच्या कामावर ही जोखीम कोसळणार त्या अधिकाऱ्याची, म्हणजे रिस्क ओनरची, संमती. एवढे झाल्यावरच जोखीम स्वीकारणे, टाळणे, कमी करणे किंवा दुसऱ्याकडे सोपवणे हे चार पर्याय खुले होतात.

पहिले काही दिवस सगळेच वैतागले होते. ‘आग लागली असताना पंचनामा कसला करता?’ असे एका सहकाऱ्याने विचारलेही. प्रश्न रास्त असला तरी लागलेली आग ही घटना असते, जोखीम नव्हे. तिची वाट निराळी. खरोखर घाईच्या जोखमीसाठी सेवेत तातडीची नोंद करता येते. तीन ओळी लिहिल्या की उपाय लगेच नोंदवता येतो, मात्र राहिलेले मूल्यमापन २४ तासांत पूर्ण न केल्यास ती नोंद वरिष्ठांच्या पडद्यावर लाल होऊन बसते. आम्ही ही सवलत पाच वेळा वापरली, आणि त्यांतल्या दोन वेळा घाईचे खरे कारण आमचा आळस हेच होते.

कुलपाचा उपयोग कळला तो नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या खात्यांच्या नोंदीत. अशी खाती वेळेवर बंद होत नाहीत असे लक्षात आल्यावर ओळखव्यवस्थापनाची नवी प्रणाली विकत घ्यायची, असे बैठकीतच जवळजवळ ठरले होते. सध्याच्या नियंत्रणांचा रकाना भरताना दिसले, की आमच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांची खाती पगारपत्रकाशी आधीच जोडलेली होती आणि फार तर एक-दोन दिवस उशिरा बंद होत होती. उघडी राहत होती ती बाहेरच्या कंत्राटदारांची खाती, ज्यांची नावे पगारपत्रकात कधीच नसतात. जोखीम नाहीशी झाली नाही, पण तिचा पत्ता बदलला. नव्या प्रणालीऐवजी कंत्राटदारांच्या यादीची दर आठवड्याला पडताळणी सुरू झाली आणि प्रत्येक खात्याला मुदत लावली गेली.

दुसरी चांगली बाजू म्हणजे मूल्यमापनाचा इतिहास. ती जोखण्यासाठी आम्ही डिसेंबर २०२१ मधील लॉगफोरजेचे (जावा प्रोग्रामांच्या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) प्रकरण सरावाची नोंद म्हणून भरून पाहिले. त्यातील सीव्हीई-२०२१-४४२२८ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीला मिळणारा क्रमांक) या त्रुटीला तीव्रतेचे १० पैकी १० गुण होते. तिच्यावर उपाय म्हणून आलेली २.१५.० ही आवृत्ती काही विशिष्ट मांडणींमध्ये अपुरी ठरली, आणि त्यातून पुढे आलेल्या सीव्हीई-२०२१-४५०४६ ला आधी मिळालेले ३.७ गुण नंतर थेट ९.० वर नेले गेले. जुना आकडा पुसून नवा टाकणाऱ्या साधनात यातले काहीच उरले नसते. येथे प्रत्येक बदल तारीख, कारण आणि बदलणाऱ्याच्या नावासह राहतो, त्यामुळे त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर निर्णय योग्य होता की नाही, हे पुढे ठरवता येते.

आता तक्रारी. गुणांकनाचा भाग मला अजिबात पटलेला नाही. शक्यता १ ते ५, परिणाम १ ते ५, आणि दोहोंचा गुणाकार. म्हणजे क्वचितच घडेल पण घडल्यास कामकाज पार ठप्प करील अशी जोखीम, आणि वरचेवर घडणारी किरकोळ कटकट, दोन्ही ५ गुणांवर एकाच हिरव्या चौकोनात. हे आकडे केवळ क्रम सांगतात. त्यांचा गुणाकार करण्याला तसा काही अर्थ नाही. अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या २०१२ मधील जोखीम मूल्यमापन मार्गदर्शिकेत शक्यतेचेही दोन भाग केलेले आहेत : हल्ला होण्याची शक्यता आणि झालेला हल्ला हानी करण्याची शक्यता. एवढा एक भेद स्वीकारला असता तरी आमच्या निम्म्या वादांना जागा राहिली नसती.

त्याहून वाईट म्हणजे त्रुटीचा क्रमांक टाकला की ही सेवा तिचे सीव्हीएसएस गुण (वर आलेले १० पैकीचे गुण ते हेच) आणून त्यांवरून शक्यतेचा आकडा आपणहून सुचवते. हे गुण त्रुटीची तीव्रता मोजतात, जोखीम नव्हे, असे ती पद्धत सांभाळणारी फर्स्ट ही संस्थाच सांगते. २०१४ मधील हार्टब्लीडला, म्हणजे ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमधील गाजलेल्या त्रुटीला, सीव्हीएसएसच्या त्या काळच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार अवघे ५.० गुण होते, तेवढ्यावर विसंबून कोणी पॅच (दुरुस्ती) पुढच्या महिन्यावर ढकलला असता तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. ही सूचना आम्ही सेटिंगमधून बंद केली. ती मुळात चालू असायलाच नको होती.

अहवाल, रंगीत नकाशे आणि आठवण करून देणारे ईमेल ठीक आहेत, त्यांविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. शोध मात्र फार संथ आहे.

सर्वांत खुपणारी गोष्ट परवान्यांची आहे. संमती देणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण परवाना लागतो, त्यामुळे लेखा किंवा मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांऐवजी रिस्क ओनर म्हणून आयटीतलाच कोणीतरी नेमण्याचा मोह होतो. मग आपणच लिहायचे, आपणच आकडा द्यायचा आणि आपणच मान्य करायचे. ज्या कुलपासाठी ही सेवा घ्यावी, त्याची किल्ली अशी आपल्याच खिशात येते. फक्त संमतीपुरता प्रवेश स्वतंत्रपणे द्यावा, अशी लेखी मागणी आम्ही केली आहे आणि ‘विचाराधीन’ एवढेच उत्तर आले आहे. वर्गणीची मुदत तूर्त एका वर्षाने वाढवली असून, तोपर्यंत त्या विभागप्रमुखांची संमती आम्ही ईमेलवर घेऊन तिची प्रत नोंदीला जोडत आहोत.